इस्फहानचे घुमट आणि त्यांच्याखालची माणसे

इराणला मी तिसऱ्यांदा निघालो तो एक निश्चय करूनच. आधीच्या दोन प्रवासांत काढलेले शेकडो फोटो घरी पुन्हा पुन्हा पाहताना माझ्या लक्षात आले होते की मी प्रत्येक वेळी चौकटीतला शेवटचा माणूस बाहेर जाईपर्यंत थांबलो होतो. त्या फोटोंतल्या रेषा सरळ होत्या, रंगही चोख उतरले होते. पण ती वास्तू कशासाठी बांधली आहे आणि तिथे उभे राहिल्यावर नेमके काय होते, हे त्यांतून कळत नव्हते. ज्या देशावर माझा इतका जीव आहे, त्याचे माझ्याकडचे चित्र निर्मनुष्य असावे, ही गोष्ट मला फार लागली. म्हणून या वेळी ऑक्टोबरातले बारा दिवस मी फक्त इस्फहान आणि यझ्दसाठी ठेवले, आणि माणूस चौकटीत येईपर्यंत थांबायचे ठरवले.

इस्फहानचे नक्श-ए-जहान मैदान साधारण ५६० मीटर लांब आणि १६० मीटर रुंद आहे. पहिल्या शाह अब्बासने १५९८ मध्ये राजधानी इस्फहानला आणली आणि त्यानंतर या मैदानाभोवती मशिदी, राजवाडा आणि बाजार उभे राहिले. मैदान, बाजार, दरवाजा, रंग हे शब्द तिथे कानावर पडतात तेव्हा मराठी माणसाला क्षणभर थबकायला होते, कारण ते आपलेही आहेत. मैदानाच्या पूर्वेला शेख लुत्फुल्लाह मशीद आहे. ती १६०३ ते १६१९ या काळात बांधली गेली. तिला मनोरे नाहीत आणि अंगणही नाही. मैदानाची दिशा आणि मक्केची दिशा एक नसल्यामुळे वास्तुविशारद मुहम्मद रेझा इस्फहानी यांनी प्रवेशद्वार आणि घुमटाचे दालन यांच्यामध्ये एक अंधारी, वळत जाणारी वाट घातली. बाहेरच्या लख्ख उन्हातून आलेला माणूस त्या वाटेने चालतो, डोळे अंधाराला सरावतात, आपण कोणत्या दिशेला वळलो याचे भान सुटते, आणि मग एकाएकी तो घुमटाखाली येतो.

पहिल्या प्रवासात मी या घुमटाचा फोटो काढला होता तो सगळे काढतात तसाच: फरशीवर दुमडलेला रुमाल, त्यावर उताणा कॅमेरा, दहा सेकंदांचा टायमर. घुमटाच्या मधोमध नक्षीतला मोर असतो आणि वरच्या झरोक्यातून येणारा उन्हाचा पट्टा त्याचा पिसारा होतो. तो फोटो उत्तम आला होता. या वेळी मात्र मी घुमटाकडे पाठ करून, वाट जिथे दालनात उघडते त्या उंबऱ्यासमोर भिंतीला टेकून बसलो. येणारे जवळजवळ सगळे एकाच पावलाला थांबत होते. बोलणे अर्धवट तुटायचे, मान वर जायची, हात कशाला तरी धरायला पुढे व्हायचा. एक आजीबाई नातवाचे बोट धरून आल्या. वर पाहताना त्यांच्या हातून ते बोट सुटले आणि मुलगाही आजीकडे न पाहता वर पाहू लागला. त्यांची परवानगी मी फोटो काढल्यावर मागितली, पडद्यावर तो त्यांना दाखवला, आणि त्यांनी मान हलवली तेव्हाच तो ठेवला. तीनशे मोर काढले असते तरी त्या दालनाविषयी इतके सांगता आले नसते.

परवानगीचे थोडे सविस्तर लिहायला हवे. इराणमध्ये पोलीस, सैनिक आणि सरकारी इमारती यांच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही, हे प्रत्येक प्रवाशाने पक्के लक्षात ठेवावे. स्त्रियांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. कारागिराकडे जाताना माझ्या कामी आले ते तिथलेच एक अभिवादन. काम करणाऱ्या माणसाला तिथे ‘खस्ते नबाशीद’ म्हणतात, म्हणजे ‘तुम्ही थकू नये’. दुकानदार, चालक, झाडूवाला, सगळ्यांना म्हणतात. हे शब्द आधी, मग चार गप्पा, आणि मग कॅमेरा, असा क्रम ठेवला की समोरचा माणूस चेहरा घट्ट करून बसत नाही. फोटोला फार्सीत ‘अक्स’ म्हणतात, आणि त्याच शब्दाचा अर्थ प्रतिबिंब असाही होतो. इराणला फोटोची ओढ जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात राज्य करणारा नासिरुद्दीन शाह स्वतः कॅमेरा हाताळत असे.

मैदानाच्या दक्षिण टोकाची शाह मशीद १६११ मध्ये बांधायला घेतली. तिथे टाईल्सचे काम मोठ्या प्रमाणावर ‘हफ्त रंगी’ पद्धतीने केले आहे. एकाच चौकोनी टाईलवर अनेक रंग भरून ती भाजतात, त्यामुळे काम लवकर उरकते. जुनी ‘मुअर्रक’ पद्धत याहून संथ आहे. तिच्यात एकेका रंगाची टाईल भाजून, तिचे तुकडे कापून, जुळवून बसवतात. हा फरक मला पुस्तकापेक्षा लेन्समधून जास्त कळला. हफ्त रंगीची सपाट भिंत दुपारच्या उन्हात आरशासारखी चकाकते आणि रंग पुसले जातात, तर मुअर्रकचे तुकडे किंचित वेगवेगळ्या कोनांत बसलेले असल्यामुळे एकेकटे लुकलुकतात. म्हणून शाह मशिदीत सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जावे.

यझ्दमध्ये मला वाऱ्याचा फोटो हवा होता. त्या मातीच्या शहराच्या छपरांवर उभे असलेले ‘बादगीर’ वरचा वारा पकडून खाली घरात उतरवतात, आणि वारा पडलेला असतो तेव्हा आतली गरम हवा वर ओढून घेतात. दौलताबाद बागेतला बादगीर ३३ मीटर उंच आहे. बाहेरून त्याचे मी वीसेक फोटो काढले, पण त्या सगळ्यांत तो नुसता मनोरा दिसत होता. आत, बरोबर त्याच्या नळीखाली, एक तरुणी येऊन उभी राहिली. बाहेर पानही हलत नव्हते, आणि तिच्या डोक्यावरच्या पातळ ओढणीचे टोक हळूहळू वर उचलले गेले. मी तिच्याकडे पाहून कॅमेऱ्याकडे बोट केले. तिने हसून ओढणीचे टोक सैल सोडले. बादगीर काय करतो ते त्या एका फोटोत आहे.

इस्फहानला परतल्यावर शेवटचे दोन दिवस मी बाजारातल्या एका कलमकारीच्या दुकानात काढले. सुती कापडावर लाकडी ठशांनी नक्षी छापण्याची ही कला आहे. काळा, लाल, निळा आणि पिवळा या रंगांचे ठसे एकावर एक नेमके जुळावे लागतात. छापणारे उस्ताद सत्तरीच्या आसपासचे होते. ते ठसा रंगात टेकवायचे, कापडावर डोळ्यांनीच जागा नेमायचे, ठसा ठेवायचे आणि कापडी गादी बांधलेल्या मुठीने त्यावर दोन ठोके मारायचे. छापलेले कापड पूर्वी झायांदे नदीच्या काठावर धूत असत. त्या महिन्यात नदी कोरडी होती. पुलाच्या कमानींपुढे पात्राची भेगाळलेली माती मी पाहून आलो होतो, आणि मी तिचा विषय काढताच उस्तादांचा हात थांबला. ते काही बोलले नाहीत. त्यांनी माझा चहाचा पेला पुन्हा भरला.

मी त्यांचे दोन प्रकारे फोटो काढले. एकात शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाला होते, त्यामुळे मूठ हवेत स्वच्छ थांबलेली होती, नखाखालचा काळा रंगही दिसत होता. दुसऱ्यात शटर पंधराव्या भागाला होते, म्हणून ठसा स्थिर आणि मूठ धुरासारखी फिकट उतरली होती. दोन्ही फोटो पडद्यावर दाखवले. पहिल्याकडे पाहून उस्ताद मोडक्या इंग्रजीत म्हणाले, ‘यात मी बसलोय.’ मग त्यांनी दुसऱ्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, ‘हा. यात काम चाललंय.’