टिटवीची चार अंडी

परवा सकाळी कळंब्याला गेलतो, तळ्याकडंच्या खड्यांत टिटवीची ४ अंडी, ठिपक्याठिपक्यांची, अगदी खड्यासारखीच, पाय पडता पडता वाचला. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत बोंबलत होती आणि मी येडा लेन्स लावून बसलो, ती परत अंड्यांवर बसली की फ्रेम भारी येईल म्हणून. दहा मिनिटांनी डोक्यात उजेड पडला, मी हितं आहे तोवर ती बसणारच नाही, आणि हे असलं एप्रिलचं ऊन. टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते अन् अंडी गार ठेवते, नेमकी तीच वाट मी अडवलेली.

लांब बांधावर गेलो. तिथनं काढलेल्या फोटोत टिटवी म्हणजे एक ठिपका, पण बसलेली. मित्र म्हणाला, भावा लोकेशन टाक की ग्रुपवर. नाही टाकलं, अजून रुसलाय.