तेवढं टोचून द्या

दुपारचे पावणेदोन झाले होते. कंपाउंडरनं शटर अर्धं खाली ओढलं होतं. त्याखालून वाकून एक कारखानदार आत आला आणि औषधाच्या दुकानाची कागदी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. आत काचेची एक अँप्युल, एक सिरिंज आणि घडी घातलेला लॅबचा रिपोर्ट.

"तेवढं हे टोचून द्या की डॉक्टर. दुकानदार म्हणतोय, सुई तेलातली आहे, घरी जमायची नाही."

कारखानदार म्हटलं की बाहेरगावच्या माणसाच्या डोळ्यांसमोर गेट आणि वॉचमन येतो. आमच्या इचलकरंजीत पत्र्याच्या शेडमध्ये आठ माग असले तरी माणूस कारखानदारच. वय ४७. बिहारचे दोन कामगार गावी गेले ते परतलेच नाहीत, म्हणून गेलं वर्षभर रात्रपाळीला हा स्वतः उभा राहत होता.

अँप्युल टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची होती. "कुणी लिहून दिली?"

"लिहून कुणी नाही. भाचा जिमला जातो, तिथल्या ट्रेनरनं नाव सांगितलं." मग आवाज खाली आला. "आठ-नऊ महिने झाले, मनच होत नाही. आधी वाटलं वय झालं. मग वाटलं टेन्शन. पण मागाचं टेन्शन काय आजचं आहे होय?"

एस.टी. स्टँडच्या भिंतींवर मर्दानी ताकदीच्या जाहिराती वाचत मोठी झालेली ही पिढी. त्या जाहिरातींतल्या तंबूत न जाता हा लॅबमध्ये गेला, याचं मला खरं तर कौतुक वाटलं. रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉनचा आकडा होता २४१. लॅबची मर्यादा २६४ ते ९१६, म्हणून आकड्यापुढे खाली तोंड केलेला बाण. पण रक्त घेतल्याची वेळ होती दुपारी चार वीस, जेवून. हे संप्रेरक झोपेत वाढतं, उठल्यावर सगळ्यात जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं. जेवणानंतर आणखी उतरतं. रात्रभर मागावर उभं राहून दुपारी चारला दिलेल्या रक्तावरून काही ठरवणं म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत कापडाचं उत्पादन मोजण्यासारखं.

"टोचत नाही," मी म्हणालो. त्याचा चेहरा पडला. मग समजावून सांगितलं. बाहेरून हे हार्मोन मिळायला लागलं की शरीर आपलं बनवणं थांबवतं, शुक्रजंतू घटतात, रक्त घट्ट होऊ शकतं, आणि सुई बंद केल्यावर मूळ कारखाना सुरू व्हायला महिनेच्या महिने लागतात. ज्याला खरोखर कमी आहे त्याला जरूर द्यावं, मीही दिलंय. पण चाळिशीनंतरच्या प्रत्येक थकव्याचं ते औषध नव्हे. युरोपात ४० ते ७९ वयाचे तीन हजारांवर पुरुष तपासले, तेव्हा लक्षणं आणि कमी आकडा दोन्ही एकत्र असणारे जेमतेम दोन टक्के निघाले होते. आणि या सुईचा मोह काही आजचा नाही. १८८९ साली ब्राउन-सेकार या नावाजलेल्या शास्त्रज्ञानं, वयाच्या ७२व्या वर्षी, कुत्रा आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तरुण झाल्याचं जाहीर केलं होतं. त्या अर्कात हार्मोन जवळजवळ नव्हतंच.

मग विचारलं, "पहाटे आपोआप ताठरता येते का?"

तो वर पंख्याकडे बघत राहिला. "बंद झालंय."

हे उत्तर महत्त्वाचं. नुसती चिंता असेल तर बहुतेकदा पहाटेचं टिकून राहतं.

शर्ट काढायला सांगितलं तर काढेना. शेवटी काढला. आत बनियन, बनियनच्या आत आणखी एक बनियन. मे महिन्यात. डाव्या स्तनाग्राखाली शर्टाच्या बटणाएवढी गाठ, हात लावला की कळवळत होता. उजवीकडे थोडी कमी. "कॅन्सर असतो ना हा?" त्यानं विचारलं. चार महिने हा प्रश्न दोन बनियनांखाली दाबून तो रात्रपाळी करत होता. बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

डोकेदुखी नव्हती. बोटं हलवून दोन्ही बाजूंची नजर तपासली, ठीक होती. वृषणांचा आकार नेहमीसारखा. कुठल्या गोळ्या चालू आहेत विचारलं, तर म्हणाला, "एक पण नाही." मी कागदावर लिहिलं, औषधे: नाहीत. सलग चार रात्री झोप घे आणि मग सकाळी आठला उपाशीपोटी रक्त दे, असं सांगून पाठवलं. अँप्युल माझ्याच ड्रॉवरमध्ये राहिली.

आठवड्यानं तो बायकोला घेऊन आला. टेस्टोस्टेरॉन २०३. म्हणजे कमतरता खरीच होती. ते बनवायला हुकूम देणारं एलएचही तळाला. म्हणजे बिघाड खाली नव्हता, वरच्या कचेरीत होता, मेंदूतल्या पिच्युटरी ग्रंथीत. आणि प्रोलॅक्टिन, म्हणजे पिच्युटरीचंच आणखी एक संप्रेरक, ९२. पुरुषात ते साधारण विसाच्या आत असतं. डोक्यात पहिला विचार आला तो पिच्युटरीच्या गाठीचा. मोठी गाठ असेल तर आकडा बहुधा दोनशेच्या पुढे जातो, नव्वद-ब्याण्णव म्हणजे मधलंच. मी एमआरआयची चिठ्ठी लिहायला घेतली आणि त्याला खर्चाचा अंदाज सांगू लागलो.

"त्या सकाळच्या गोळीवर हे चालतं का, ते विचारा की," बायको त्याला म्हणाली.

"कुठली गोळी?"

"पित्ताची हो. उठल्या उठल्या घेतात ती."

"ती काय गोळी नव्हं," तो वैतागला. "गॅसची आहे."

त्यानं पाकीट काढलं. पाकिटात दुकानदाराला दाखवायला ठेवलेली रिकामी स्ट्रिप होती. रॅबेप्रॅझोल आणि लेवोसल्पिराइड. आणि सोबत चिठ्ठी, फाटू नये म्हणून लॅमिनेट केलेली. लेटरहेड माझं, अक्षर माझं, सही माझी. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची. कॅप्सूलपुढे लिहिलेलं: १५ दिवस.

मी ती चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागं काही नव्हतं.

पित्तावर रॅबेप्रॅझोल चालतं. लेवोसल्पिराइड पोटातलं अन्न पुढं ढकलतं, म्हणून मळमळ, गच्चपणा कमी होतो. ते डोपामिन या शरीरातल्या रसायनाला अडवून काम करतं, आणि तेच डोपामिन पिच्युटरीमध्ये प्रोलॅक्टिनवर ब्रेक लावून बसलेलं असतं. ब्रेक सुटला की बाळंतिणीला दूध आणणारं हे संप्रेरक पुरुषातही वाढतं, एलएच दबतं, टेस्टोस्टेरॉन उतरतं, इच्छा मरते, छाती दुखते. पुस्तकात हे सगळं मी वाचलेलं. पण गॅसची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला त्याच्या झोपायच्या खोलीबद्दल कोण सांगतं? मी सांगितलं नव्हतं. परत बोलावलंही नव्हतं. त्या दिवशी बाहेर चाळीस पेशंट असणार, तेवढंच आठवतं.

त्या दोघांना मी हे सरळ सांगितलं. चिठ्ठी माझी आहे, धोका सांगायचा राहिला ती चूक माझी. बायकोनं लॅमिनेशनवर बोट ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "पंधरा दिवस लिहिलंय की ह्यात!" तिच्या त्या वाक्याच्या आडोशाला उभं राहणं सोपं होतं.

तो मात्र वेगळ्याच विचारात होता. "म्हणजे जॉबरनं एक नट आवळला आणि पलीकडचा ढिला झाला, असंच ना?" जॉबर म्हणजे आमच्याकडे माग दुरुस्त करणारा. या वेळी जॉबर कोण होता, ते त्यानं विचारलं नाही.

एमआरआयची चिठ्ठी मी फाडली नाही, बाजूला ठेवली. कॅप्सूल बंद, दहा दिवसांनी नुसतं प्रोलॅक्टिन बघायचं, उतरलं नाही तर लगेच एमआरआय, असं ठरलं. तिसऱ्या दिवशी रात्री अकराला फोन, जळजळ पेटलीय म्हणून. मागे मागांचा खडखडाट. रात्रपाळीत सहा कप चहा आणि पहाटे तीनला भडंग, हा हिशेब मला तेव्हा कळला. जेवण नवाच्या आत घ्यायला लावलं, चहा दोनवर आणला, आणि काही आठवडे नुसतं पित्तावरचं पॅन्टोप्रॅझोल. या वेळी चिठ्ठीवर बंद करायची तारीख लाल पेनानं.

दहा दिवसांनी प्रोलॅक्टिन १३.

तीन महिन्यांनी सकाळचं टेस्टोस्टेरॉन ४०८. छातीचं दुखणं गेलं होतं, डावीकडे बारीक गाठ उरली होती, ती अजून आहे. मधल्या काळात मी औषधाच्या दुकानात जाऊन बोललो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, तुमच्याच कागदावर नेतात सगळे." किती जण, ते विचारायचं धाडस झालं नाही. त्यानंतर पित्ताचा प्रत्येक पेशंट आला की मी त्याच्याकडे पाकीट मागतो. गोळ्या चालू आहेत का, असं आता विचारत नाही.

शेवटच्या खेपेला तो एकटाच आला. मी विचारलं, "बाकी कसं?" पुन्हा पंख्याकडे बघितलं, पण हसला. "पहिल्यासारखं नाही म्हणता यायचं. पण चाललंय." कर्जाचा हप्ता अजून होता, रात्रपाळी आठवड्यातून तीनवर आली होती. पहिल्यासारखं म्हणजे कुठल्या वर्षासारखं, हेही आम्ही बोललो नाही.

उठताना त्याला आठवण झाली. "ती सुई द्या माझी."

मी दचकून बघितलं.

"टोचून घ्यायला नव्हं हो. दुकानदार परत घेतो म्हणालाय. पावती आहे माझ्याकडं."