टेक्सस विरुद्ध टेक्सस ए अँड एम: वैर जुनं, पण सामना ठरवतं वेळापत्रक

ऑस्टिनचं टेक्सस विद्यापीठ, म्हणजे लाँगहॉर्न्स, आणि कॉलेज स्टेशनचं टेक्सस ए अँड एम, म्हणजे अ‍ॅगीज. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या या जोडीचा विषय निघाला की आधी वैराचे किस्से सुरू होतात. किस्से रंगतदार आहेतच. पण सामना होणार की नाही, हे बहुतेक वेळा कॉन्फरन्सवर ठरलं आहे, म्हणजे ज्या गटात राहून संघ हंगामातले बहुतेक सामने खेळतो त्यावर.

पहिला सामना १८९४ चा. टेक्ससने तो ३८-० असा जिंकला. १९११ मध्ये ह्यूस्टनला सामन्यानंतर हाणामाऱ्या झाल्या, संबंध तुटले आणि तीन वर्षं खेळ बंद. १९१५ मध्ये साउथवेस्ट कॉन्फरन्सचा पहिला हंगाम आला, दोघं एकाच गटात आले आणि सामनाही परतला. तो अ‍ॅगीजनी १३-० असा जिंकला. पुढे १९१७ मध्ये त्यांच्या काही विद्यार्थ्यांनी टेक्ससच्या शुभंकर बैलावर तापल्या लोखंडाने हाच स्कोअर डागला. त्या डागातले आकडे बदलून बैलाचं ‘बीव्हो’ हे नाव तयार झालं, ही गोष्ट आजही सांगितली जाते, पण ती खोटी आहे. नाव डागण्याच्या आधीच पडलं होतं.

१९१५ पासून २०११ पर्यंत एकही वर्ष चुकलं नाही. साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये संपली, तेव्हा दोघं मिळून बिग १२ या नव्या गटात गेले, म्हणून साखळी टिकली. १९९९ चं वर्ष मात्र वेगळं. या सामन्याआधी पेटवण्यासाठी अ‍ॅगीजचे विद्यार्थी ओंडक्यांचा प्रचंड मनोरा रचत. १८ नोव्हेंबरच्या पहाटे तो कोसळला आणि १२ जण गेले. चौकशीत मूळ कारण रचनेत सापडलं: वरच्या थराचे ओंडके खालच्या थरात पाचरीसारखे ठोकल्याने आतून बाहेर दाब वाढला, आणि तो आवळून धरण्याइतकं बांधणीत बळ नव्हतं. आठवडाभराने झालेल्या सामन्यात टेक्ससच्या बँडने टोप्या काढून मान दिला. अ‍ॅगीज २०-१६ ने जिंकले. विद्यापीठाच्या आवारातली ती प्रथा तिथेच थांबली.

२०११ ची फारकत समजून घ्यायला पैसा बघावा लागतो. ईएसपीएन या क्रीडा वाहिनीने टेक्ससला स्वतःची वाहिनी दिली, २० वर्षांचे ३० कोटी डॉलर. एकाच सदस्याच्या हाती एवढं बळ गेल्यावर गटात समतोल उरत नाही, आणि अ‍ॅगीजची नाराजी मला रास्त वाटते. ते २०१२ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्स (एसईसी) या दुसऱ्या गटात गेले. त्याआधीचा शेवटचा सामना जस्टिन टकरच्या ४० यार्डांच्या फील्ड गोलवर (खांबांमधून चेंडू लाथाडून मिळणाऱ्या गुणांवर) अगदी शेवटच्या क्षणी टेक्ससने २७-२५ असा जिंकला.

मग बारा हंगाम सामनाच नाही. वैर तर जिवंत होतं, अ‍ॅगीजच्या गीतात लाँगहॉर्नची शिंगं कापायची भाषा चालूच होती. अडचण रिकाम्या तारखांची होती. हंगामात १२ सामने. बिग १२ मध्ये नऊ गटातले, उरले तीन. गटाबाहेरच्या सामन्यांचे करार अनेक वर्षं आधी होतात, त्यामुळे अशी जागा काढायला दोन्ही बाजूंची खरी इच्छा लागते. ती नव्हती. २०२४ मध्ये टेक्सस एसईसीत आलं आणि प्रश्न आपोआप मिटला. टेक्ससने तो सामना १७-७ आणि २०२५ चा २७-१७ असा जिंकला. एकूण हिशोब टेक्ससच्या बाजूने ७८-३७-५, म्हणजे ७८ विजय, ३७ पराभव, ५ बरोबरी.

पुढचं चित्र मला आश्वासक वाटतं. २०२६ पासून एसईसीत नऊ सामने. प्रत्येकाला तीन कायमचे प्रतिस्पर्धी, उरलेले १२ संघ दोन वर्षांत सहा-सहा करून आलटून पालटून. टेक्ससच्या वाट्याला ओक्लाहोमा, अर्कान्सा आणि ए अँड एम. पण ही वाटणी २०२९ पर्यंतचीच आहे, तेव्हा त्यानंतरच्या फेरविचारावर लक्ष ठेवायला हवं.

दुसरी काळजी प्लेऑफची, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीची. २०२५ मध्ये आधीचे ११ च्या ११ सामने जिंकलेले अ‍ॅगीज हरले, तरी १२ संघांच्या प्लेऑफमध्ये सातव्या मानांकनाने गेले. जिंकलेलं टेक्सस नऊ विजय, तीन पराभवांवर बाहेर राहिलं. प्लेऑफ आणखी मोठा केला, तर नोव्हेंबरअखेरचा हा पराभव आणखी स्वस्त होईल. म्हणून मी विस्ताराच्या विरोधात आहे.