माळवदातलं तगर

जागतिक वारसा सप्ताह १९ ते २५ नोव्हेंबर असतो. नेमकं त्याच दिवसांत गाव हरभऱ्याच्या पाण्यात नि ज्वारीच्या खुरपणीत गुंतलेलं असतं. त्यामुळे ज्यांच्यासाठी कार्यक्रम ठेवायचा ते रानात आणि सतरंजीवर बसायला फक्त शाळेची मुलं, हे आमच्याकडचं ठरलेलं चित्र. मुलांनाही भाषणं नको असतात. वर्ग बुडतो आणि शेवटी पेढा मिळतो, एवढ्यावर ती खूश.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात, आलेल्यांना वस्तू दाखवायचं काम करते. बाहेरच्या लोकांना तेर माहीत असतं ते गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं म्हणून. चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांच्या समाधीला गर्दी लोटते, त्यातले थोडेफार आमच्याकडेही डोकावतात. पण हे गाव गोरोबाकाकांच्याही हजार-बाराशे वर्षं आधीचं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी टिपणात ‘तगर’ नावाचं मोठं शहर येतं, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथलं कापड गाड्या भरून भडोचच्या बंदराला जायचं. ते तगर म्हणजे आपलं तेर, हे फ्लीट नावाच्या इंग्रज विद्वानाने १९०१ मध्ये मांडलं आणि पुढे ते मान्य झालं.

आमच्या संग्रहाचा पाया मात्र विद्वानांनी नाही, पावसाने घातला. गावाभोवतीच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकड्यांवर पाऊस पडला की माती वाहते आणि मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, नाणी उघडी पडतात. लोकांना सापडलेल्या अशा वस्तू लामतुरे यांनी आयुष्यभर जमवल्या, त्यातून हे संग्रहालय उभं राहिलं. इथल्या हस्तिदंती बाईच्या मूर्तीची बहीण शोभावी अशी मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेत सापडली होती. हे सांगितलं की पाहुणे मान डोलावतात, मोबाइल काढतात आणि पुढच्या कपाटाकडे सरकतात. गावातली माणसं तर तेवढंही करत नाहीत. ‘लहानपणी शाळेसंगं बघितलंय की’ म्हणतात.

म्हणून एका वर्षी ठरवलं, भाषण एकच ठेवायचं आणि बाहेर अंगणात एक टेबल लावायचं: घरातलं जुनं काही असेल ते दाखवायला आणा, बघून परत न्या. शेजारी गावातल्या एका कुंभार मावशींना चाक घेऊन बसवलं. सकाळी टेबलावर अडकित्ते आले, पानपुडे आले, शेर-मापटं आलं, कुणाच्या तरी आजोबांचा चष्मा आला. मावशींच्या चाकाभोवती मात्र खच्चून गर्दी. त्यांनी मडकी ठोकायचं थापटणं हातात घेतल्याबरोबर पोरं एकमेकांच्या डोक्याकडे बोटं दाखवून ‘याचं मडकं कच्चं, याचं मडकं कच्चं’ म्हणून ओरडायला लागली. गोरोबाकाकांच्या गावात हे शिकवावं लागत नाही.

अकराच्या सुमाराला एक पस्तिशीचा माणूस स्टीलचा डबा घेऊन आला. टेबलापाशी न येता कडुनिंबाखाली उभा राहिला. बराच वेळ. मी जवळ गेले तसा म्हणाला, “मॅडम, दाखवलं तर जागा जाती का?”

हा प्रश्न आमच्या गावात पिढ्यानपिढ्या मुरलाय. काही सापडलं असं कळलं की सरकार येणार, कुंपण घालणार आणि पाया खणू देणार नाही. ही भीती अगदीच हवेतली नाही, संरक्षित स्मारकाच्या आसपास बांधकामाला खरंच निर्बंध असतात. पण म्हणून घरोघरी सापडलेल्या मण्यांची माती काही स्मारक होत नाही. मी सांगितलं, “नुसतं सापडलं म्हणून कुणाची जागा जात नसते. आधी डबा तर उघडा.”

डब्यात कापसात गुंडाळलेले मणी होते, तांबूस आणि काळे-पांढरे. शंखाच्या बांगडीचे तुकडे होते. आणि तळाशी, फडक्यात, पांढऱ्या मातीची अर्धी बाई. कमरेपासून वर, डोक्यावर भरगच्च केशभूषा, कानात जड कुंडलं, आणि मागची बाजूच नाही. माझ्या पोटात गोळा आला. असल्या मूर्ती आमच्या कपाटात आहेत, केओलिन या पांढऱ्या मातीच्या, सातवाहनकाळातल्या.

“कुठं मिळालं?”

“माळवदात.”

घरकुल मंजूर झालं होतं, म्हणून जुनं माळवद उतरवणं चालू होतं. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: लाकडी तुळया, त्यांवर लाकडाचेच तुकडे बसवलेले, वर पाला आणि त्यावर मातीचा जाडजूड थर. सगळ्यात वर पांढरी माती, कारण ती पाणी झिरपू देत नाही. आणि तेरमध्ये पांढरी माती आणायची कुठून? टेकडीवरून! म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शहराची माती गावाने बैलगाडीने उचलली आणि डोक्यावर पसरून त्याखाली संसार केले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर ती जड छतं लोकांना भिववायला लागली. तेव्हापासून एकेक माळवद उतरतंय, स्लॅब पडतायत, आणि ती माती जाते कुठल्या तरी खड्ड्यात भर म्हणून. आम्ही मात्र खोलीत बसून टेकड्यांच्या रक्षणाचे कागद रंगवतो.

त्याची आई मागून सावकाश चालत आली. ऐंशीच्या पुढच्या. मणी बघून त्यांना हसूच आलं. “हे व्हय? हे तर दर आगुटीला पन्हाळीखाली पडायचे. लेकराच्या करदोड्यात ववायचो आमी. ह्याच्याबी कमरंला होते.” पोराने ओशाळून इकडेतिकडे पाहिलं. मी लगेच टिपून घेतलं. मणी कुठे सापडले हे पुरातत्त्वाच्या अहवालात असतं, पण ते पुढे कुणाच्या कमरेला गेले हे कोण लिहितो?

तेवढ्यात कुंभार मावशी हात पुसत आल्या. मूर्ती मी हातरुमालावर धरली होती, त्यांना हात लावू दिला नाही, नुसती दाखवली. त्यांनी समोरून नजर टाकली न टाकली आणि म्हणाल्या, “पलटी कर.” मी उलटी केली. आत पोकळ, खडबडीत, आणि त्यात लहान लहान खळगे.

“दोन साच्यांची हाय. ह्या साच्यात म्होरली बाजू, त्यात मागली. माती आतून बोटानं दाबत जायाची, मंग दोन्ही अर्ध जोडायचं. हितं बघ, कडंला जोड दिसतोय. जोडावरच उकललीय ती.”

“पोकळ का पण?” एका मुलाने विचारलं.

“भरीव केली तर आव्यात फुटंल की! आतली वल बाहीर पडाय वाट नको?”

आमच्या कपाटाखालच्या पाटीवर हेच लिहिलंय: दुहेरी साच्याचं तंत्र, पोकळ मूर्ती. हे तंत्र रोमन जगाशी आलेल्या संपर्कातून इथे आलं असावं, असं अभ्यासक मानतात. मी ती पाटी पाठ म्हणते. पण खळगे बोटांचे आहेत हे मी कधी कुणाला दाखवलं नव्हतं, कारण आमच्या मूर्ती काचेमागे समोरून तोंड करून उभ्या आहेत, पाठ कुणालाच दिसत नाही. मावशींनी आपली करंगळी त्या खळग्यांच्या वर अधांतरी धरली. “माझ्यापक्षा बारीक बोट. बाई असंल नायतर लेकरू.” हे काही पाटीवर लिहिता येणार नाही. माती भाजताना आकसते, तिच्याबरोबर खळगेही आकसतात. मी तसं म्हणाले, तर मावशी म्हणाल्या, “ते मला सांगती व्हय? आकसून धरूनच बोलले मी.” मी गप्प बसले.

मग त्या विटेवर घसरल्या. उत्तरेश्वराच्या देवळाची वीट पाण्यावर तरंगते, हे इथल्या पोरासोरांना माहीत असतं, आणि प्रत्येक जण त्यात चमत्कार घालून सांगतो. मावशींनी चमत्कार काढून टाकला: मातीत भाताचं तूस घालायचं, भट्टीत ते जळून जातं, जागोजागी पोकळी राहते, वीट हलकी. बस.

मी त्या माणसाला विचारलं, “बाकीची माती कुठाय?”

“बाराला ट्रॅक्टर येतोय. रानातल्या खड्ड्यात टाकायचीय.”

साडेअकरा झाले होते. आतल्या खोलीत प्रमुख पाहुण्यांचं भाषण रंगात आलेलं. मी आमच्या साहेबांना खिडकीतून खूण केली, ते बाहेर आले, डबा पाहिला आणि एवढंच म्हणाले, “चाळण्या बघा.” संग्रहालयात चाळणी नव्हती, इथे उत्खनन थोडंच चालतं! पण गावात चाळण्यांना तोटा नाही. पोरं घरोघर पळाली. गव्हाच्या चाळण्या आल्या, वाळूची मोठी जाळी एका बांधकामावरून आली, एकीने तर पुरणयंत्राची ताटली आणली. पाहुण्यांना काय सांगितलं मला ठाऊक नाही, पण थोड्या वेळाने तेही पँट दुमडून ढिगाऱ्यापाशी उभे होते.

ट्रॅक्टरवाला वेळेवर आला आणि चिडला. त्याची पुढची खेप होती. आजीनेच त्याला गप्प केलं, “बस की मर्दा, च्या घे,” आणि चहा खरंच आला.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. शास्त्राच्या दृष्टीने या मातीतून फार काही हाती लागणार नव्हतं. कुठली वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी होती, यावर सगळी गणितं असतात, आणि ते थर बैलगाडीत माती भरली त्याच दिवशी मोडले. मी मुलांना तसं सांगितलं. त्यांना काडीचा फरक पडला नाही. उन्हं कलेपर्यंत ती चाळत होती. खापरांचा ढीग झाला, साधी लाल खापरं, काही चकचकीत तांबड्या झिलईची. मणी मिळाले, बांगड्यांचे तुकडे मिळाले. बाईची दुसरी बाजू मिळाली नाही. शेवटची चाळण रिकामी होईपर्यंत सगळ्यांचा जीव तिच्यातच अडकला होता.

आणि एक नाणं मिळालं. पोरांनी धावत आणलं, सातवाहनांचं म्हणून. घासलं तर चारमिनार दिसला. सगळे हिरमुसले. उर्दू माध्यमात शिकलेल्या एका मुलीने त्यावरचं साल वाचलं, हिजरी १३६४, म्हणजे इसवी १९४५ च्या आसपासचं. सातव्या निजामाची चार आण्याची पावली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, नाणीही त्याचीच, ‘हाली’ म्हणत त्यांना.

आजींनी ती हातात घेतली, पदराने पुसली, उलटीसुलटी केली. “हाली पावली हाय. आमच्या सासूबाईची हरवली हुती म्हनं. लई बोलणी बसली हुती तिला सासूची.” सासूबाईंना त्यांच्या सासूची! म्हणजे पावली छतात आणि तिच्यापायी बोलणी खाल्लेली सून केव्हाच देवाघरी गेलेली. तीच पावली का, हे कोण सांगणार, पण आजींना शंका नव्हती.

संध्याकाळी कागद करायला बसलो. १८७८ चा निखात निधी कायदा म्हणतो, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही दडलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. म्हणजे घराचं छतही त्यात आलंच. साहेब म्हणाले, कळवून टाकू. यादी केली, फोटो काढले, मूर्ती कुठे नि कशी मिळाली ते त्या माणसाच्याच शब्दांत लिहून घेतलं, सही घेतली. त्याने सही करण्याआधी सगळा कागद दोनदा वाचला. जागेचा उल्लेख कुठे नाही ना, ते बघत होता. मग म्हणाला, “नाव लावाल का पाटीवर? आईचं?” ते वरून मंजूर व्हावं लागतं, पण प्रस्तावात घातलं.

पावलीचं आजी ऐकेनात. तीही यादीत चढवायला लागल्यावर त्यांनी मूठ मिटली. १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरायला निदान शंभर वर्षं लागतात, पावलीला ती अजून झालेली नाहीत. मी साहेबांकडे पाहिलं, त्यांनी यादीतली ओळ खोडली. आजी पावली कनवटीला लावून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आत दोघे जण पायरीवर बसलेले. एकाच्या हातात पिशवी होती. दुसऱ्याच्या हातात काहीच नव्हतं. तो म्हणाला, “आमचं माळवद पुढच्या सोमवारी उतरवायचंय. चाळण्या तुमच्या आणता का आमच्याच वापरायच्या?”