डुप्लिकेटचा डबा

रविवार, रात्री उशिरा

आज जेवण झाल्यावर डुप्लिकेटचा, म्हणजे आधीच असलेली नाणी परत आली की ती टाकायचा, डबा काढून बसलो तो थेट दिवेलागणीला उठलो. डबा म्हणजे दिवाळीच्या मिठाईचा पत्र्याचा, नाणं घेऊन घरी यायचं, अल्बममध्ये लावायला जायचं, तर त्या खिशात आधीच एक बसलेलं, मग नवीन आलेलं डब्यात. असं करत करत डबा एका हाताने उचलवत नाही इतका जड झालाय. बायको म्हणते, लोक भाजी दोनदा आणतात विसरून, तू पैसेच दोनदा विकत आणतोस. आता याला काय उत्तर देणार!

खरं म्हणजे हे होणारच असतं. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात की चादरीवर ढीग मांडलेला असतो, शेजारी नळाच्या तोट्या, जुनी घड्याळं, पाना-पकडी, आणि मागून माणसं ढकलत असतात. मोबाईलमध्ये लिस्ट असते पण उन्हात स्क्रीन दिसत नाही. आणि विकणारा "घ्या ना दादा, परत नाही मिळायचं" म्हणत असतो. त्यात एकाने नाणं चिंच लावून घासून चकचकीत केलेलं असतं आणि घरातलं आपलं काळंकुट्ट असतं, म्हणजे डोक्यात ती दोन वेगळीच नाणी होऊन बसतात. (चिंच लावणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, रोजनिशी असली तरी भाषा सांभाळावी लागते.)

सगळ्यात जास्त निघाले ते दोन रुपये. तेच ते, अकरा कोनांचे, मागे भारताचा नकाशा आणि राष्ट्रीय एकता लिहिलेले. 1990 च्या दशकात सुरू झाले ते 2004 पर्यंत येतच राहिले, दरवर्षी तोच नकाशा, बदलतं फक्त साल आणि सालाखालची बारीकशी खूण, नाणं कुठल्या मिंटचं म्हणजे टांकसाळीचं ते सांगणारी. मुंबईचा डायमंड, हैदराबादची चांदणी, नोएडाचा टिंब, आणि कलकत्त्याची खूण म्हणजे काहीच नाही. आता हे "काहीच नाही" फार डेंजर आहे, कारण खूण झिजून गेलीय की मुळात नव्हतीच हे झिजलेल्या नाण्यावर कळत नाही. सुरुवातीला मी फक्त सालं जमवायचो, त्यामुळे तेव्हा 'आहे' म्हणून डब्यात टाकलेले कितीतरी आज भिंगाखाली वेगळ्याच मिंटचे निघाले. म्हणजे विकत दोनदा घेतलेलं नव्हतंच, पहिल्यांदाच घेतलेलं होतं आणि डब्यात पडून होतं.

1985 चा रुपया हा तर वेगळाच विषय. त्या वेळी देशात नाण्यांची टंचाई होती म्हणून सरकारने काही नाणी बाहेरून पाडून आणली. त्यातल्या हीटन या इंग्लंडमधल्या टांकसाळीच्या रुपयावर सालाखाली इंग्रजी एच असतो, तो ओळखायला सोपा. पण ब्रिटनच्या रॉयल मिंटने पाडलेल्यावर डायमंडच आहे, फक्त तो सालाच्या पहिल्या आकड्याखाली, आणि आपला मुंबईचा मधोमध. बाजारात उभ्याउभ्या, एका हातात पिशवी असताना डायमंड दिसला की माणूस मुंबई म्हणून मोकळा होतो. आज एक तसा सापडला. डबा खाली ठेवून चहा घेतला आधी.

नेहरूंची 1964 ची आठ आण्याची पण तीच गत. चित्र तेच, पण एकावर नाव हिंदीत आणि एकावर इंग्रजीत. आपण नेहरूंचं तोंड बघून 'आहे' म्हणतो, कडेचं नाव वाचतच नाही.

चांदीच्या डुप्लिकेटचं मात्र दुःख होत नाही, उगाच कशाला खोटं बोला. राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा, रुपया साडेअकरा ग्रॅमच्या वर, डबल आहे तर आहे, पडून राहिला तरी चांदीच आहे. आणि त्यातही राणीचा 1862 चा तर डुप्लिकेट म्हणायची घाईच करू नये, कारण 1874 पर्यंत रुपये पाडले तरी साल 1862 च ठेवलेलं होतं, आणि मुंबई टांकसाळीच्या नाण्यांवर सालाजवळच्या बारीक टिंबांवरून फरक ओळखायचे. टिंबं मोजता मोजता माझे डोळे गेले. एवढ्या खोलात जायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. मी प्रजासत्ताकाच्या नाण्यांत साल आणि मिंट इथपर्यंत जातो, त्यापुढे आकड्याची शेपटी लांब की आखूड वगैरे बघणारे आहेत, त्यांना माझा नमस्कार.

डब्याच्या तळाशी कागदाच्या पुडीत शिवराया होत्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी. या मी डुप्लिकेट म्हणून का टाकल्या होत्या देव जाणे. शिवराई हाताने ठोकलेली, साचा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचितच मावतात. तीन ओळीने मांडल्या. एकीवर 'श्री' आणि 'राजा'चा रा, दुसरीवर 'राजा' पूर्ण पण श्री कापलेला, तिसरीवर खाली 'शिव' छान आलाय आणि वर सगळं चकतीबाहेर. तिन्ही मिळून एक पूर्ण 'श्री राजा शिव' होतो. मागच्या 'छत्रपति'चं पण तसंच, कुठे छत्र आहे तर पति नाही. यातली एक जरी दिली तर मजकूर तुटतो, म्हणून पुडी डब्यातून काढून कपाटात वर ठेवली. शिवराईत डुप्लिकेट हा प्रकारच नसतो असं माझं आता ठाम मत झालंय. बायकोला हे सांगितल्यावर ती नुसती हसली.

मग उरलं काय, तर खरोखरचे डबल, तेच साल, तीच मिंट, तीच झीज. ते एक्सेलमध्ये वेगळ्या रकान्यात घातले. यातले चांगले अल्बममध्ये जातील आणि अल्बममधले झिजके बाहेर येतील, तेवढा फायदा. आणि हो, मऊ प्लास्टिकच्या जुन्या अल्बममधली काही नाणी हिरवी चिकट झालीयत, ती आधी बाहेर काढली पाहिजेत, हे काम मी फार दिवस टाळतोय.

आत्ताच नाणीवाल्या काकांचा मेसेज आलाय, एक्स्ट्रा नेहरू हिंदी असेल तर द्या, बदल्यात 1985 चा एच देतो. नेहरू आहे. पण एच माझ्याकडे आहे की नाही ते उद्या सकाळी अल्बम उघडून बघणार आणि मगच हो म्हणणार.