उएमुल सर्किट: खरी कसोटी तिसऱ्या दिवशी

उएमुल सर्किट या ट्रेकची माहिती काढायला जा, निम्मी वाऱ्यावर असते आणि उरलेली नदीवरच्या तारेवर, म्हणजे जिला लटकून नदी ओलांडायची त्या तारेवर. गुडघ्यांची वाट लावणाऱ्या उतारावर कोणी चार ओळीही खर्च करत नाही. म्हणून आधी तोच.

अर्जेंटिनातल्या एल चाल्तेनहून निघून तिथेच परतणारा हा फेरा चार दिवसांचा, सुमारे ६५ किलोमीटरचा. तिसऱ्या दिवशी उएमुल खिंडीतून विएद्मा सरोवराकडे जवळपास ७०० मीटर सरळ खाली उतरायचं असतं. पायाखाली घसारा आणि भुसभुशीत माती, पाठीवर मुक्कामाचं ओझं. अवघड जागी दोर बांधलेले आहेत, पण त्यांचा आधार तोल सावरण्यापुरताच घ्या. ऊन-पावसात ते किती कुजलेत हे बघून कळत नाही. दोर येण्याआधी काठ्या मिटून सॅकला लावा. बुटांच्या नाड्या खिंडीतच घोट्यापाशी आवळा, नाहीतर खाली पोचेपर्यंत अंगठ्याची नखं काळी पडतात. पाऊस असेल तर आदल्या मुक्कामावरच थांबा, ओल्या मातीत बूट टिकत नाही. त्यासाठी एका दिवसाचा जादा शिधा हवाच.

आता वारा. दुसऱ्या दिवशीची खिंड नावानेच ‘पासो देल विएन्तो’, म्हणजे वाऱ्याची खिंड. तिथे सॅकचं रेनकव्हर शिडासारखं फुगतं आणि माणसाला ढकलतं, किंवा सरळ उडून जातं. ते काढून ठेवा, सामान आतूनच जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा. झोत आला की गुडघ्यावर बसायचं, उभं राहून मर्दुमकी दाखवायची नाही. जोराच्या वाऱ्याचा अंदाज असेल तर निघूच नका.

तारेचा बाऊ उगाच केला जातो. माणशी हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), सुरक्षा दोर आणि दोन कॅराबिनर (अडकवायच्या धातूच्या कड्या) लागतात. तारेवरचा कॅराबिनर पोलादीच हवा, कारण पोलादी तार ॲल्युमिनियम झिजवते. शिवाय ३५ मीटरचा बारीक दोर लागतो, सॅक ओढायला आणि पलीकडे गेलेलं सामान परत आणायला. हा दोर गटात एकच पुरतो. भाड्याच्या दुकानात माणशी एक गळ्यात मारला तर सरळ नाही म्हणा. हार्नेसची शिवण आणि बक्कल दुकानातच तपासा. तारेवरून घरंगळणारी पुली असली तर हातांना बरं, नसली तरी भागतं. तारेऐवजी तून्येल नदीतून चालत जायचं तर भल्या पहाटेच. ऊन चढलं की हिमनदी वितळून पाणी वाढतं.

पहिला दिवस सोपा. चौथा दिवस लांबलचक आणि कंटाळवाणा, त्यात शेवटी आणखी एक तार, म्हणून हार्नेस सॅकच्या तळाशी कोंबू नका. निघण्यापूर्वी राष्ट्रीय उद्यानाच्या केंद्रात नोंद सक्तीची आहे. परतल्यावर तिथे आल्याचंही कळवा. थकलेली माणसं नेमकं हेच विसरतात.