किर्शनरच्या ठशावरचा जांभळा पट्टा

कागदावरील कलाकृतींचे जतन हे माझे काम. जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रकार एर्न्स्ट लुडविग किर्शनरचा दाव्होस परिसरातील डोंगरांचा एक रंगीत काष्ठठसा (कोरलेल्या लाकडी ठोकळ्यावरून छापलेले चित्र) प्रदर्शनाला जाण्यापूर्वी माझ्या टेबलावर आला, तेव्हा सोबतच्या टिपणात आकाशातील जांभळट पट्टा ओलाव्याचा डाग असल्याचे नमूद करून तो फिका करता येईल का, अशी विचारणा केली होती.

मी प्रथम बाजूने तिरपा प्रकाश टाकला. ओलाव्याचा डाग कागदाच्या तंतूंमध्ये झिरपतो आणि सुकताना काठावर तपकिरी रेघ ठेवतो. इथे तशी रेघ कुठेच नव्हती. उलट लाकडाच्या रेषा पट्ट्यातून अखंड जात होत्या आणि त्यांच्या कडांना दाबाने सरकलेल्या शाईचा बारीक उंचवटा होता. सूक्ष्मदर्शकाखाली उरलासुरला संशयही गेला: तांबडी शाई ओली असतानाच तिच्यावर निळी छापली गेली होती आणि दोन्ही जिथे एकमेकींत मिसळल्या, तिथे हा जांभळा उमटला होता.

किर्शनरचे काम ओळखणाऱ्याला याचे नवल वाटू नये. 1905 मध्ये ड्रेस्डेनला ‘ब्रुके’ हा अभिव्यक्तिवादी चित्रकारांचा गट स्थापन करणाऱ्यांपैकी तो एक. युद्धकाळात शरीर-मन खचल्यावर 1917 मध्ये तो दाव्होसला आला आणि तिथेच राहिला. आपली मुद्राचित्रे तो बहुधा स्वतःच छापत असे आणि अनेक प्रतींवर पेन्सिलीने ‘आयगेनड्रुक’, म्हणजे स्वहस्ते छापलेली, असे लिहीत असे. 1919 च्या ‘विंटरमोंडनाख्ट’ या हिवाळी चांदण्यातील निसर्गचित्राच्या प्रती शेजारी ठेवल्या, तर रंग प्रतीगणिक पालटलेले दिसतात. त्यामुळे एक प्रत प्रमाण मानून दुसरीतील फरकाला दोष ठरवणे, हे माझ्या मते या कलावंताच्या बाबतीत मुळातच चुकीचे आहे. छपाई हा त्याच्या लेखी निर्मितीचाच भाग होता; 1921 मध्ये लुई द मार्साल या टोपणनावाने त्याने स्वतःच्या मुद्राचित्रांवर लेखही लिहिला.

ही दृष्टी त्याच्यापुरती राहिली नाही. हेर्मान शेरर, आल्बर्ट म्यूलर आणि पाउल कामेनिश या स्वित्झर्लंडमधल्या बाझेलकडच्या तरुण कलावंतांनी त्याच्या प्रभावातून 1924 च्या अखेरीस ‘रोट-ब्लाऊ’ गट स्थापन केला. शेरर मूळचा शिल्पकार, आणि त्याच्या काष्ठठशांतील रुंद, धसमुसळे छेद पाहताना ते जाणवते. म्यूलर 1926 मध्ये आणि शेरर 1927 मध्ये वारला, हे वाचताना मला दर वेळी हळहळ वाटते.

अहवालात मी पट्टा मूळ छपाईचा असल्याचे सूक्ष्मछायाचित्रांसह नोंदवले, त्यावर कोणताही उपचार करू नये असे स्पष्ट लिहिले आणि प्रदर्शनातील प्रकाश 50 लक्सच्या (लक्स हे प्रकाशमानाचे एकक) वर जाऊ नये अशी अट घातली. संग्राहकांनी दोन्ही गोष्टी मान्य केल्या आणि चित्रासोबतच्या माहितीफलकावर त्या पट्ट्याबद्दल दोन ओळी घालण्याचेही ठरवले.